रेषेच्या वीतभर अलीकडे

"मॅडम, हिला बसवा," नाना भर मैदानात म्हणाले. मयूरी शेजारीच पाणी पीत होती.

नाना आमच्या मंडळाचे अध्यक्ष. सुपारीची बाग सांभाळतात आणि टीमकडूनही दर मोसमाला घड मागतात. मी मुरुडच्या मुलींच्या कबड्डी टीमची कोच. त्या वर्षी टीमचा नुसता सांगाडा उरला होता. जुन्यांपैकी काही जणी पोलिसात लागल्या, बाकीच्या लग्न करून गेल्या. मेन रेडर म्हणून मी कोळीवाड्यातल्या मयूरीला उभं केलं होतं. रेडर म्हणजे दम धरून समोरच्यांच्या हद्दीत शिरणारी, कुणाला तरी शिवून मधली रेषा गाठणारी. मयूरी शिवायची. रेषा मात्र गाठायची नाही.

"जिल्हा स्पर्धेला पनवेलची तयार रेडर आणू," नाना म्हणाले. "ही दरवेळी पकडली जाते."

"कुठे पकडली जाते, ते बघितलंत?"

"त्यात काय बघायचं? पकड ती पकड."

माझं डोकंच फिरलं. कच्ची रेडर आत, कोपऱ्यात सापडते. मयूरी रेषेच्या वीतभर अलीकडे सापडत होती. म्हणजे शिरणं, शिवणं, वळणं, सगळं तिला जमलं होतं. पोरगी पिकत आली होती आणि हे तिला तोडायला निघाले होते!

"ही स्पर्धा तिला खेळू द्या," मी म्हटलं. "हरलो तर पनवेलला फोन मीच लावते."

बोलून तर गेले. पण ते शेवटचं वीतभर अडत कशाने होतं? नियम सोपा आहे. पकडलेल्या रेडरचं बोट जरी मधल्या रेषेला लागलं, तरी ती सुटते आणि तिला धरणाऱ्या सगळ्या बाद. मी घसा फोडून "हात टाक!" ओरडायचे. मयूरी "हो मॅडम" म्हणायची आणि पुढच्या रेडला पुन्हा उभं राहून झटापट करायची.

एका संध्याकाळी ती किनाऱ्यावर गल्लीतल्या मुलींबरोबर खेळताना दिसली. एकीला पकडलं, तिने आडवं होऊन रेषेपलीकडे हात टाकला. मयूरीच ओरडली, "आऊट!"

"अगं, सुटली ना ती!"

"न्हाय मॅडम. वाळूत रेघ ऱ्हाते कुठं? पायानं पुसते, मग भांडणं. दोनी पाय आपल्या बाजूला आलं तरच सुटली. आमच्याकडं पहिल्यापासून असंच हाय."

मला हसू आवरेना. पोरीचं काही चुकत नव्हतं. ती लहानपणापासून कोळीवाड्याच्या कायद्याने इमानदारीत खेळत होती, आणि ऐन झटापटीत अंगात मुरलेलंच वर येतं.

मग मी तिला मॅटवर शिकवणं थांबवलं. जाळ्याचा जुना जाड दोर मागवला आणि वाळूत घट्ट ताणून रोवला. ही रेघ पुसत नाही. गल्लीतल्या सगळ्यांना नवा कायदा सांगितला: पकडल्यावर उभी राहील ती आऊट, दोराला हात लावेल ती सुटली. पहिले काही दिवस भांडणं झाली. नंतर मयूरी तोंडात वाळू जाईपर्यंत झेपावायला लागली.

जिल्ह्याची फायनल. शेवटची रेड, आम्ही एका पॉइंटने मागे. मयूरी आत शिरली, एकीला शिवून वळली आणि त्या एकीसह तिघींनी तिला कमरेतून धरलं. जागा तीच, रेषेच्या वीतभर अलीकडे.

ती उभी राहिली नाही. तिघींना अंगावर घेऊन आडवी पडली आणि हात टाकला. बोटं रेषेवर! तीन पॉइंट! मी साठीची बाई, चप्पल तिथेच टाकून मैदानात धावले. तिची आई मासळीची विक्री सोडून आली होती. ती रडत होती, मीही रडले. नाना आपल्या शेजाऱ्याला सांगत होते, "पोरीला टीममध्ये मीच टिकवून धरलं."

म्हणू देत. मंडळाच्या ऑफिसात बक्षिसांचं कपाट आहे, पण हा जिल्ह्याचा कप त्यात बसत नाही म्हणून बाहेर टेबलावर ठेवलाय.

तेव्हापासून नवी मुलगी टीममध्ये आली की तिचे पॉइंट मी नंतर बघते. आधी विचारते, "तुमच्या गल्लीत आऊट कशाला म्हणतात?"