विसाराचं गणित

भरत मास्तरला चिडायला कारण लागत नसे. अठ्ठ्याण्णव साली तर ते घरातच होतं. मंचरच्या विनाअनुदानित कॉलेजात तो संख्याशास्त्र शिकवायचा. मान मास्तरचा, पगाराच्या नावानं ठणठणगोपाळ. धाकट्या बहिणीला, अक्षदाला, पुण्यात नर्सिंगला जायचं होतं, जूनमध्ये सहा हजार भरायचे होते, आणि घरात होतं काय? तर बराखीत, म्हणजे कांद्याच्या चाळीत, साठवलेला शंभर क्विंटल कांदा. वडील गेल्यापासून त्याचा व्यवहार आईच्या, साळुबाईच्या हातात.

त्यांच्या लोणी गावात रीत अशी, की वैशाखात मंचरचा व्यापारी भिकाशेठ यायचा, बराखीत हात घालून कांदा दाबून बघायचा आणि बोली करायचा. दिवाळीपर्यंत केव्हाही येईन, पाचशे रुपये क्विंटलनं उचलीन. वर विसार म्हणून पाचशे एक रुपये हातावर. भाव चढला की शेठचा ट्रक दारात हजर. भाव पडला की शेठ गायब, विसार तेवढा आपला. गाव म्हणायचं, बघा, शेठ विसार परतसुदीक मागत न्हाई, लई दिलदार माणूस!

या 'दिलदार'नं भरतचं डोकंच फिरायचं. अरे, न येण्याची मुभा त्याला, आणि शब्दात अडकलेले तुम्ही! त्या मुभेची किंमत म्हणजे विसार. ती पाचशे एक कुणी ठरवली? त्यानं मंचर बाजाराचे दहा वर्षांचे भाव, आठवड्या-आठवड्याचे, वहीत उतरवले होते. भाव जितका उसळणारा तितकी मुभा महाग, असं सांगणारं एक सूत्र त्याला सापडलं होतं. आदल्याच वर्षी त्या सूत्राला नोबेल मिळालेलं. आणि कांद्याएवढ्या उड्या मारतं कोण? महिनाभर डोकं आपटून शंभर क्विंटलच्या विसाराचं उत्तर आलं. सात हजार!

पारावर सांगितलं, तर गावातला शेतकरी दादाभाऊ म्हणाला, "मास्तर, त्या नोबेलवाल्यानं कधी कांदा काढलाय का राव?" सगळे खो खो हसले. तणतणत भरत घरी आला. साळुबाई भाकऱ्या थापत होती. तिच्यासमोर त्यानं खडूनं जमिनीवर अख्खं सूत्र मांडलं. चढउतार, मुदत, व्याज, काही सोडलं नाही. ती "हं, हं" करत राहिली.

चार दिवसांनी कॉलेजातून येऊन बघतो, तर कोनाड्यात पाचशे एक रुपये. शेठ चहा पिऊन गेला होता.

"आये, सात हजार सांगितले व्हते ना मी!"

"शब्द दिलाय," ती म्हणाली. "आता कशाला तोंड वाजवतो?"

जून उलटला. फी भरली गेली नाही. अक्षदा पुण्याला जायची ती खुरपायला गेली. आणि दिवाळीच्या तोंडावर कांदा भडकला. कुणी बापजन्मात पाहिला नव्हता असा, दोन हजारांच्या वर. ट्रक आलाच. शेठ ठरल्या भावानं कांदा भरायला लागला, तशी भरतची तार सटकली. त्यानं वही आणून शेठच्या नाकाखाली धरली. "बघा, काय देणं लागत व्हता तुमी वैशाखात!"

शेठनं चष्मा लावला. शेवटचा आकडा बघितला. तो हसला नाही.

"सातच? मी आठपर्यंत गेलो असतो मास्तर. आमच्या बापानं शिकवलंय हे, वहीबिही न्हाई. पण तुमच्या आईनं, आक्कांनी, मागितलेच न्हाईत. पंधरा वर्षांत या गावात कुणीच मागितलं न्हाई."

भरतचा सगळा संताप आईकडे वळला. "ऐकलंस? सांगितलं नव्हतं मी?"

साळुबाईचे कांदे निवडणारे हात थांबले. "गणित सांगितलंस बाबा. समदं ऐकलं मी. पण शेठकडं एवढे माग, असं कवा म्हणलास? मला वाटलं, तुझ्या कालिजातलं काय हाय."

भरतनं वही मिटली. ओट्यावर अक्षदा भरलेल्या गोण्यांची तोंडं शिवत होती. तिनं मान वर केली नाही, आणि तिचा हातही थांबला नाही.