मच्छिंद्रमामांनी सांगितलेले दोन शब्द

दौंडच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली मच्छिंद्र टायपिस्टचं टेबल एकतीस वर्षं आहे. टाइपरायटर जाऊन लॅपटॉप आला, टेबल तेच. शेजारच्या टेबलावरचा बन्सी नुसती बोटं चालवतो. मच्छिंद्रमामांना मात्र एखादं कलम कुठून आलं ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. एका वकिलानं रद्दीत काढलेली पुस्तकं त्यांनी डबा खाताखाता वाचून काढली आहेत. खोडच ती, आणि तीच त्यांना नडली.

त्या सोमवारी वरवंडकडचा पृथ्वीराज तिघांना घेऊन आला. पोरगा नम्र, आधी नमस्कार करणारा.

"मामा, पोलीस स्टेशनला तक्रार द्यायचीय. देवीचा अपमान झालाय," म्हणत त्यानं मोबाईल पुढं केला. फोटोत गोवऱ्यांचा ढीग होता, ढिगावर जत्रेचा जुना फ्लेक्स आणि देवीच्या तोंडावर हा एवढा दगड.

मामांनी ढीग लगेच ओळखला. ढीग त्यांच्या थोरल्या बहिणीचा, जाईबाईचा होता. जत्रा उरकल्यावर उकिरड्यावर पडलेला फ्लेक्स मामांनीच उचलून नेला आणि ढिगावर पसरला होता. चित्र खाली घातलं तर देवीचं तोंड शेणात जाईल, म्हणून त्यांनी ते मुद्दाम वर ठेवलं. वारा सुटला तेव्हा हाताला आला तो दगड ठेवला. जाईबाई तर आत भाकरी थापत होती.

"म्हातारीला काय कळतंय रे?" मामा म्हणाले.

"कळत न्हाई कसं? त्यांच्या सासरचा धर्म येगळा. मुद्दामच केलंय."

नाही म्हणावं तर बन्सी रिकामाच बसला होता. मग मामांनी पुस्तकातलं सगळं बाहेर काढलं.

"ह्ये कलम कुठनं आलं ठाव हाय का? इंग्रज साहेबाच्या मुलखात त्येंच्याच देवाची निंदा केली तर गुन्हा. हितं धर्म ढीगभर. तवा अठराशे साठात साहेब म्हणला, देव कुणाचाबी असू द्या, मुद्दाम मन दुखावलं तर शिक्षा. पुढं लाहोरात एका पुस्तिकेवरनं रान पेटलं. छापणारा हायकोर्टातनं सुटला. मंग सत्तावीस साली नवं कलम आणलं. पर कायदेमंडळातली शहाणी माणसं भ्याली, उद्या कुणीबी कुणालाबी अडकवंल. म्हणून त्यांनी शब्द घालून घेतले, जाणूनबुजून आन् दुष्ट हेतूनं. त्ये न्हाईत, तर ह्यो गुन्हाच न्हाई. आता कलमाचा नंबर बदललाय, शब्द त्येच हायेत."

पृथ्वीराजनं मन लावून ऐकलं. मामांना वाटलं, पटलं.

"बरं झालं सांगितलंत मामा," तो म्हणाला. "आमच्या ध्यानातच आलं नसतं. त्ये दोन्ही शब्द टाका मग."

साध्यासुध्या माणसाला वाचवायला कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी घातलेले शब्द मामांनी आपल्या तोंडानं देऊन टाकले होते. राग तरी कुणावर काढायचा?

ते उठून उभे राहिले. "पोरांनो, जाईबाई माझी सख्खी बहीण हाय. फ्लेक्स मी टाकला, दगडबी मीच ठेवला. तिचं नाव काढा, माझं घाला."

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. चौघं बाजूला जाऊन बोलून आले.

"मामा, तुमच्यावर राग न्हाई," पृथ्वीराज खाली मान घालून म्हणाला. "पण ढीग त्यांचा, फ्लेक्स तुमचा. दोघांचंबी नाव यील."

"दोघं म्हंजी संगनमत लिवावं लागंल," बन्सीनं शेजारून मदत केली.

"तुम्ही लिहिताय, का बन्सीभाऊंना सांगू?" पृथ्वीराजनं मामांना विचारलं.

बन्सी वय हमखास चुकवतो. वय बरोबर पडलं तर कुणालातरी दया येईल, एवढंच आता मामांच्या हातात होतं. ते खाली बसले. आरोपी क्रमांक एक, जाईबाई, वय त्र्याहत्तर. आरोपी क्रमांक दोन, मच्छिंद्र, वय एकसष्ट. संगनमत करून, जाणूनबुजून व दुष्ट हेतूने. सवयीप्रमाणे त्यांनी एकदा सगळं वाचून पाहिलं आणि सवयीनंच विचारलं, "किती प्रती काढू?"