माह्या गुडघ्याची परीक्षा खाली बसून घ्या

मंडळी, आज मी दवाखान्यातल्या फरशीवर उकिडवी बसली, अन् मले त्याची जराही लाज वाटली नाही.

गुडघ्यातली झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, ऑपरेशन करून भरून घेतली, त्याले आठ महिने झाले. आज यवतमाळले तपासणी होती. एमआरआय चांगला आला. मंग तिथल्या ताईनं फॉर्म भरला. जिना चढता येते का? कारमधून उतरता येते का? खुर्चीवरून उठता येते का? सगळ्याले मी हो म्हणलं.

ताई म्हणे, "काकू, तुमचा गुडघा एकदम मस्त!"

म्हणलं, "निंदणाचं काहून नाही इचारलं? राळेगावले माह्या घराले जिनाच नाही. मी दिवसभर उकिडवी बसून सोयाबीनातलं तण निंदते."

"ते फॉर्मात नाही, काकू."

मंग मी बसलीच. दारापासून डॉक्टरच्या टेबलाकडे, वावरात सरकते तशी सरकत निघाली. अर्ध्यातच गुडघा अटकला.

डॉक्टर खुर्ची सोडून माह्याजवळ खाली बसले. अटकलेला गुडघा हातानं चाचपला अन् फॉर्मच्या खाली पेनानं लिहिलं, "निंदण जमत नाही. पुन्हा तपासणे."

तुमच्या फॉर्मात तुमचं काम हाये का? नसन, तर तिथंच बसा खाली.