अनफिट म्हणजे फिट नाही

आमच्या घरात ‘फिट’ हा शब्द कुणी उच्चारत नाही. पँट अंगासरशी बसली तर बायको ‘दाटते’ म्हणते, आणि मुलाने नवा बूट घालून ‘फिट बसला’ म्हटले की ती उठून आत जाते. मुलांना याचे कारण माहीत नाही. आता ती जाणती झाली आहेत, म्हणून लिहून ठेवतो.

सत्तरच्या दशकात मी सांगलीजवळ कुपवाडला पंपाचे सुटे भाग करणाऱ्या एका लहान कारखान्यात स्टोअरकीपर होतो. माणसे एकूण अडतीस, त्यातले सहा फिटर. दिवसभर हा शब्द कानावर असायचा. बेअरिंग फिट बसत नाही, नवा वायसर फिट करून बघ. तालमीत जाणारा एक जण होता, तो फिट माणूस. आणि रस्त्यात कुणी हातपाय झाडत पडला, तोंडाला फेस आला, की त्यालाही फिटच आली म्हणायचे. मग कुणी कांदा फोडून नाकाशी धरायचा, कुणी चप्पल काढायचा. एकाच शब्दाचे इतके अर्थ आहेत याची कुणाला अडचण वाटत नव्हती. मलाही नाही. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिले की कळायचे. कागदावर लिहिल्यावर मात्र ते कळत नाही.

माझ्या बायकोच्या धाकट्या भावाला फिट यायची. त्यांचे गाव साताऱ्याकडे, औंधपासून चार मैलांवर. वडील लवकर गेले होते, घरी आई आणि तीन एकर. सोळाव्या वर्षी तो खळ्यावर पडला तेव्हापासून हे सुरू झाले. वर्षाला तीन, कधी चार. मी घड्याळ लावून पाहिले आहे, एक फिट दोन ते अडीच मिनिटांची असायची. बघणाऱ्याला ती तासाभराची वाटते. पुढे तो आमच्याकडे राहायला आल्यावर मी प्रत्येक तारीख डायरीत लिहीत गेलो, कारण डॉक्टर विचारत. त्याच्या आईला आम्ही त्यातली एकही कळवली नाही.

एकोणिसाव्या वर्षी तो साताऱ्याला भरतीला गेला. त्या गावात दर तिसऱ्या घरातला माणूस मिलिटरीत होता, त्यामुळे यात नवल नव्हते. फिटचे त्याने सांगितले नाही, कुणी विचारलेही नाही. छाती भरली, उंची भरली, पळण्यात दुसरा आला. पण सरळ उभा राहिला की गुडघ्याला गुडघा लागत होता. त्यावरून डॉक्टरने त्याला काढला आणि हातात एक चिठ्ठी दिली. नाव, नंबर, गोल शिक्का आणि इंग्रजीत एकच शब्द.

तो घरी आला तेव्हा मी बायकोला न्यायला तिथे गेलो होतो. सासूबाई भाकऱ्या थापत होत्या.

“काय म्हनाला डाक्टर?”

“अनफिट,” तो म्हणाला आणि खांबाला टेकून बसला.

“म्हंजी?”

“म्हंजी न्हाई. फिट न्हाई.”

सासूबाईंचा हात परातीतच थांबला. “फिट न्हाई? मिल्ट्रीच्या डाक्टरनं तसं लिवून दिलंय?”

“लिवलंय की. पर आये, त्ये...”

“शिक्का हाय का?”

“हाय. आगं, भरतीत घेतलं न्हाई मला.”

“भरती जाऊ दे खड्ड्यात! माझ्या लेकराला फिट न्हाई म्हून सरकारनं लिवून दिलं, आता आनि काय पायजे?” पिठाच्या हातानेच त्यांनी चिठ्ठी घेतली आणि कपाळाला लावली.

तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “दाजी, तुमी सांगा की.”

मी सांगितले नाही. नवरा गेल्यापासून ही बाई हसताना मी पाहिली नव्हती. दोन दिवसांनी सांगू म्हटले. दोन दिवसांनी त्या यमाईचा डोंगर चढून नवस फेडून आल्या, आणि मग ते राहूनच गेले. चिठ्ठी चार घड्या घालून त्यांनी भंडाऱ्याच्या पिशवीत ठेवली.

पुढे त्याने आयटीआयचा फिटरचा कोर्स केला आणि मी त्याला आमच्याच कारखान्यात लावला. अर्ज इंग्रजीत होता, तो मी माझ्या हाताने भरला. त्यात दोन प्रश्न होते. काही आजार आहे का? पूर्वी कुठल्या वैद्यकीय तपासणीत नापास झाला आहात का? दोन्हींपुढे मी ‘नाही’ लिहिले. माझ्या स्टोअरच्या वहीत एका नटाची चूक कधी सापडली नाही. त्या अर्जावर मात्र मी सहा ओळींच्या अंतरात दोनदा खोटे लिहिले, आणि त्या वेळी मला त्यात मोठेसे काही वाटले नाही.

दोन वर्षे सात महिने त्याने चांगले काम केले. फिट आल्या त्या आमच्या घरात, सुटीच्या दिवशी किंवा पहाटे. मग एके दिवशी जेवणाच्या सुटीत, डबा उघडत असतानाच तो बाकावरून खाली आला. मी त्याचे डोके मांडीवर घेतले. भोवती माणसे जमली. मागून एक जण म्हणाला, “फिटरलाच फिट आली रं! आता नट कोन फिट करनार?” दोघे-तिघे हसले. ते वाईट नव्हते, त्यांतल्याच एकाने नंतर त्याला सायकलवर घालून घरी पोचवले.

मॅनेजरनी मला बोलावले. “पंधरा दिवस रजा देतो. डॉक्टरचे फिट सर्टिफिकेट आणा. त्याशिवाय आत घेता येणार नाही.”

सांगलीच्या डॉक्टरनी गोळ्या बदलल्या, बारा दिवस पाहिले. त्यात एकही फिट आली नाही. तेराव्या दिवशी, शनिवारी, त्यांनी कागद लिहून दिला की हा मनुष्य बसून करायच्या कामासाठी फिट आहे, फिरत्या मशीनजवळ देऊ नये. मला तो वाचून हायसे वाटले. कागद पाकिटात घालून त्यांनी त्याच्या हातात दिला. सोमवारी कामावर हजर व्हायचे होते. मधला रविवार होता, म्हणून तो आईला भेटायला गावी गेला. कारखान्यात पडल्याची बातमी गावच्या कुणीतरी तिच्यापर्यंत पोचवलीच होती, आणि ती अन्न सोडून बसली होती.

सोमवारी सकाळी तो एसटीतून उतरून थेट कारखान्यात आला. पाकीट कणकेच्या खळीने चिकटवलेले होते. “आयनं चिकटवलं,” तो म्हणाला. “कागद पडंल म्हनं.”

मॅनेजरनी पाकीट फाडले. आतला कागद लहान होता, चार घड्यांवर झिजलेला, कडेने पिवळा. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

“हे काय आणलंय? यावर अनफिट लिहिलंय.”

मी कागद बघितला. गोल शिक्का, नंबर. बोटाला भंडारा लागला.

तो माझ्या शेजारीच उभा होता. त्याला माझ्याआधी समजले. “आयनं बदाललं, दाजी,” एवढेच म्हणाला.

मॅनेजरनी कपाटातून अर्ज काढला, बोट धरून खाली आले आणि दुसऱ्या प्रश्नापाशी थांबले. “हे अक्षर तुमचं.”

“हो.”

“मिलिटरीनं नापास केलेलं माहीत होतं?”

“गुडघ्यासाठी केलं होतं साहेब, फिटसाठी नाही.”

“फिटचंही माहीत होतं.”

“हो.”

“तो ड्रिलवर पडला असता तर त्याच्या आईला मी काय सांगणार होतो?”

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडून नवा कागद लिहून आणला. मॅनेजरनी तो उघडला नाही. “कागदाचं राहिलं नाही आता,” म्हणाले. त्याला काढले. मला ठेवले. स्टोअरची वही दुसऱ्या कुणाला येत नव्हती.

फाटकाबाहेर आल्यावर तो म्हणाला, “दाजी, आयला ह्यातलं काय बी सांगायचं न्हाई. माजी शपत हाय.”

“तिला कळायला पाहिजे रे. पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं.”

“तवा पायजे हुतं. आता कळलं तर मरंल ती.”

घरी त्याने कारखान्यात काम कमी झाल्याचे सांगितले आणि तो शेती बघायला गावी राहिला. गोळ्या मी दरमहा एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवत होतो, साठ गोळ्या, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. त्याने झोप येते म्हणून कधी घेतल्या, कधी नाही. मागच्या पुड्या शिल्लक राहू लागल्या तेव्हा मी दोनदा जाऊन रागावून आलो.

सव्वा वर्षाने, दुपारी कांद्याला पाणी देताना, तो पाटात पालथा पडला. पाट म्हणजे विहिरीचे पाणी वाफ्यांना नेणारी चारी. सोबत कुणी नव्हते. मी पोचलो तेव्हा त्याला घरी आणले होते. मी शेतावर जाऊन काठी घातली आणि वितीने मोजली. नऊ इंच पाणी होते.

दहाव्याला पाहुणे बसले होते. शेजारचे निवृत्त हवालदार आले. पंचवीस वर्षे नोकरी केलेला माणूस. गावाला आलेली तार आणि सरकारी पत्रे तेच वाचून दाखवत, आणि आपल्या इंग्रजीचा त्यांना अभिमान होता. हळहळत मला म्हणाले, “पावनं, मला येक कळत न्हाई. चांगला फिट म्हून डाक्टरचा कागद हुता. वैनी त्या ऐतवारी माझ्याकडं घिऊन आल्या. ह्यात फिट लिवलंय का म्हनल्या. मी म्हनलं व्हय, फिट लिवलंय की. मग कामावरनं काढला कसा?”

सासूबाई दारामागेच होत्या.

पाहुणे गेल्यावर त्यांनी मला बोलावले. बायको चुलीपाशी होती. सासूबाई भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. रडून झाले होते, आवाज अगदी कोरडा होता.

“हवालदार म्हंत्यात, फिट म्हंजी चांगलं. खरं का?”

“दोन्ही हाय मामी. चांगल्याला बी म्हनत्यात, झटक्याला बी म्हनत्यात.”

“आनि अनफिट?”

मी बायकोकडे पाहिले.

“त्यो कागद मी चुलीत घातला,” त्या म्हणाल्या. “फिट लिवल्याला बगून सायेब ठिवायचा न्हाई, म्हून. आनि सरकारचा कागद घातला त्येच्या जागी. आता खरं सांगा. डाक्टरनं कोंचं फिट लिवलं हुतं?”

बायकोने चुलीतले लाकूड मागे ओढले. तिला सगळे माहीत होते. ती माझ्याकडे बघत होती.

“झटक्याचं,” मी म्हणालो.

“म्हंजी जाळला त्ये बरं केलं?”

“बरं केलं. त्यो कागद दिला असता तर त्याच दिवशी काढला असता.”

“मग काढला कशापायी?”

“माझ्यापायी. नोकरीच्या फारमावर मी खोटं लिवलं हुतं. आजार न्हाई म्हून. त्ये सायबाला घावलं.”

हे खरे होते. वरचे खोटे होते. दोन्हींचे वजन किती भरते याचा हिशेब मी पुष्कळदा करून पाहिला आहे. मी खोटे लिहिले नसते तर त्याला नोकरीच लागली नसती, आणि तो पहिल्यापासूनच पाटावर असता. त्या भाकऱ्या थापत होत्या तेव्हा मी तोंड उघडले असते तर कागद बदलला गेला नसता. बेरीज कुठूनही सुरू केली तरी शेवटी मी येतोच. त्यांच्या वाट्याला येते ती एक चूक, ती एका शब्दाची, आणि तीही आम्ही होऊ दिलेली.



“तुमच्या भरवशावर धाडलं हुतं मी त्येला,” सासूबाई म्हणाल्या, आणि तोंड भिंतीकडे केले.

अंधार पडायच्या आत मी हवालदारांकडे गेलो आणि त्यांना सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. म्हणाले, “खोटं बोलायला सांगतायसा मला?” मी हो म्हणालो. सकाळी ते टोपी घालून आमच्या दाराशी आले, आत आले नाहीत.

“वैनी,” ते म्हणाले, “काल मी काय बाय बोललो. माजं विंग्रजी तेवढं पक्कं न्हाई. फौजंत निस्तं हुकूम कळन्यापुरतं. त्यो कागद मला नीट वाचाया आला नव्हता.”

सासूबाईंनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला असे मला वाटते. दुसरे काही मानून त्यांना जगता आले नसते.

त्यानंतर त्या नऊ वर्षे होत्या. लेकीला भेटायला वर्षातून एकदा-दोनदा सांगलीला येत, सकाळच्या गाडीने. मुलांना खाऊ आणत, बायकोच्या हातचे जेवत. माझी पाळी साडेपाचला सुटायची. त्या पाचच्या एसटीने परत जायच्या.