दोन मिसिंग

काश्मीरमधल्या त्या चौकीवर धाराशिव जिल्ह्यातले आम्ही दोघंच होतो. मी जळकोटचा, वायरलेस ऑपरेटर. भैरू वाशीकडचा, मेंढपाळाच्या घरातला. पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर, जाता-येता हवालदार गिनती करायचे. भैरूला तिची गरज नसायची. नुसती नजर फिरवून कोण नाही ते तो सांगायचा. "मेंढरं कुठं मोजत्यात व्हय? नसतंय तेच आदी दिसतंय," म्हणायचा. आम्ही त्याची टर उडवायचो.

त्या दुपारी परतताना धुकं उतरलं आणि नाल्यात आमच्यावर फायर आला. सगळे धावत खडकाआड पोचलो. पाठीवरच्या सेटसकट मी पालथा पडलो होतो. हवालदार गिनतीला तोंड उघडणार, तेवढ्यात भैरू म्हणाला, "इलास न्हाय."

लान्स नाईक विलास सगळ्यात मागं होता. हवालदारांनी कव्हरिंग फायरचा हुकूम दिला. भैरू वाकून धुक्यात शिरला.

थोड्या वेळानं फायर थांबला. भैरू आला नाही. हवालदारांनी पुढं जायला मनाई केली. धुक्यात आपलाच माणूस आपल्या गोळीनं जायचा.

सेटवर कंपनी कमांडर साहेबांनी कॅज्युअल्टी रिपोर्ट मागितला. गावाकडं कॅज्युअल्टी म्हटलं की माणूस गेलाच असं धरतात. फौजेत जखमी, मेलेला, बेपत्ता, सगळे त्यात येतात. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय 'फेटल' म्हणायचं नसतं. मग उरतं 'मिसिंग'. म्हणजे माणूस दुश्मनाच्या हाती लागलाय की रक्त सांडत पडलाय, काहीच ठाऊक नाही. त्या शब्दाची मला गोळीपेक्षा जास्त भीती वाटली.

"दोन मिसिंग. ओव्हर."

"कन्फर्म?"

सुट्टीत भैरूच्या आईच्या हातची भाकरी खाल्ली होती, ती आठवली.

"कन्फर्म. ओव्हर."

दिवस मावळायच्या आत धुकं उठलं. नाल्यात विलास सापडला. मांडीत गोळी, वर भैरूची फील्ड ड्रेसिंग घट्ट बांधलेली. जिवंत होता. भैरू त्याच्यावर आडवा पडला होता, केव्हाच गेलेला.

मी रिपोर्ट बदलला. मिसिंग निल. एक जखमी, एक फेटल.

शवपेटीबरोबर मलाच पाठवलं. त्याच्या आईला काय सांगायचं, ते वाटभर जुळवत होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ज्याच्यापायी माघारी गेला, त्यो घावला का?"

"व्हय, आई. जित्ता हाय."

"रिकामा आला असता तर म्याच बोल लावला असता त्याला," ती म्हणाली, आणि मग रडली.

आता मी पेन्शनीत आहे. कुठंही चार माणसं जमली की माझी नजर आपोआप फिरते. भैरू नाही, तेच आधी दिसतं.