नाव कुणाला कळणार नाही

पोलीस ठाण्याचा बीट जमादार म्हणून माझ्याकडे रेणापूरकडची अकरा गावं होती. त्यातल्या एका गावात गेलो की मोटारसायकल थेट पोलीस पाटलाच्या ओसरीपुढे लागायची. तिथे पंखा होता, खुर्ची होती आणि माझ्या गावभेटीची वहीही तिथेच असायची. पाटील बोलायला गोड माणूस. चहा घ्यायचा, वहीत ‘गावात शांतता’ असं लिहायचं, सही ठोकायची आणि पुढचं गाव गाठायचं. बौद्ध वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर. सहा वर्षांत मी तिथे गेलो तो फक्त जयंतीच्या बंदोबस्ताला.

मग वरून फर्मान आलं, लोकांचा विश्वास मिळवा. वस्तीतल्या समाजमंदिरात बैठक घेतली. बोलण्यात मी पटाईत, म्हणून भाषण माझ्याकडे. म्हणालो, “काही असलं तर सरळ मला सांगा. तुमचं नाव कुणाला कळणार नाही.” माझा नंबर भिंतीवर लिहून दिला. टाळ्या पडल्या. त्या मला आवडल्या, हे कबूल करतो.

आठ दिवसांनी त्या वस्तीतल्या एक मावशी ठाण्यात आल्या. साठीच्या, मजुरी करणाऱ्या. बाकावर बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. “साहेब, आमचे मालक अंथरुणाला खिळून हायत. मसनवाट्याची वाट शेजारच्या शेतवाल्यानं नांगरून टाकली. यांचं आज हाय, उद्या न्हाई. मयत घेऊन निघाल्यावर भांडण नको, म्हणून आताच सांगायला आले. पण माझं नाव घेऊ नका. आमी त्याच रानात कामाला जाताव.”

वाट मोकळी करणं तहसीलचं काम. पण भांडण व्हायच्या आधी दोन्हीकडच्यांना समोरासमोर बसवणं माझंच काम होतं. मी म्हणालो, निर्धास्त राहा.

दुसऱ्या दिवशी गावात गेलो. आधी ती वाट बघायला हवी होती. पण सवयीने गाडी ओसरीपुढेच थांबली आणि चहा आला. मी विचारलं, “पाटील, मसनवाट्याची वाट कुणी नांगरली का?” ते शेत पाटलाच्या चुलतभावाचं, हे मला चांगलं माहीत होतं. पाटील हसला. “कोण सांगितलं, जमादार?” नाव मी घेतलं नाही. एवढंच म्हणालो, “घरात आजारी माणूस हाय बिचारीच्या.” माझ्या तोंडात तीळ भिजला नाही. अख्ख्या वस्तीत अंथरुणाला खिळलेला माणूस एकच होता.

“बघतो मी, तुमी काळजी करू नका,” पाटील म्हणाला. आणि मी खरंच केली नाही. वहीत नेहमीचं वाक्य लिहून निघालो.

सोयाबीन काढणीला मावशींना आणि त्यांच्या सुनेला कुणी बोलावलं नाही. मावशींचा नवरा वारला तेव्हा वस्तीतल्या लोकांनी मयत टेम्पोत ठेवून डांबरी रस्त्याने तालुक्याच्या स्मशानात नेली. वाट मागितली नाही, मला फोनही केला नाही. हे सगळं मला नंतर कळलं, तेही त्याच ओसरीवर. पाटील म्हणाला, “बघा, काही तंटा न्हाई झाला.” मी चहा तसाच खाली ठेवला. इतकी लाज मला नोकरीत कधी वाटली नव्हती, आणि ती वाटायला एक माणूस मरावा लागला.

उठलो आणि गाडी मावशींच्या दारात नेऊन लावली. त्या ज्वारी पाखडत होत्या. “मावशी, चुकलं माझं,” मी म्हणालो. “ती वाट मी मोकळी करून देतो.”

सून आतून दाराशी आली आणि गल्लीच्या तोंडाकडे बघत राहिली. मावशींनी पाण्याचा तांब्या आणून दिला. मी उभ्यानेच पाणी प्यायलो.

“आता वाट कुणासाठी, साहेब?” मग त्या हळू म्हणाल्या. “तुमी जावा. तुमी दारात दिसलाव तर सुनंला उद्याबी काम मिळायचं न्हाई.”

आवाज नको म्हणून मी गाडी हाताने ढकलत वस्तीबाहेर नेली आणि तिथे सुरू केली.