श्वास झाकणारा माणूस

मी दोन पानं एकदम उलटली. दोष माझ्या अंगठ्याचा. बावीस वर्षं बँकेत काढलेला माणूस कागद दिसला की अंगठा आधी जिभेला लावतो. आणि ओल्या अंगठ्याला पियानोच्या पुस्तकातलं जुनं, पातळ पान चिकटलं ते शेजाऱ्याला घेऊनच उठलं. उजगरेकाकांचे दोन्ही हात हवेत राहिले. आता आपली काही धडगत नाही, असं मला वाटलं. पण काका माझ्याकडे वळलेच नाहीत. पियानोच्या उजव्या अंगाला, खिडकीपाशी, जिथे कुणीच नव्हतं, तिकडे बघून ते हळूच म्हणाले, "माफ कर गं. हे पोतनीस. नवीन आहेत."

मी त्या रिकाम्या जागेला नमस्कार केला. न करण्याची हिंमत झाली नाही.

ही त्र्याण्णव सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. चंद्रकांत उजगरे मूळचे नगरचे. उत्तरेत, मानक नगरला, रेल्वेच्या संशोधन कचेरीत छत्तीस वर्षं रुळांची कंपनं मोजली आणि निवृत्त होऊन तिथल्याच महानगर नावाच्या वस्तीत घर बांधलं. वरच्या मजल्यावर आम्ही भाडेकरू. काका धर्मानं ख्रिस्ती, बोलण्यानं अस्सल नगरी; 'चहा घ्या' म्हणाले तरी समन्स हातात पडल्यासारखं वाटायचं. पियानो ते लहानपणी चर्चमध्ये शिकले, पण एकट्यानं कधी वाजवला नाही. पत्नी मधुमती गायच्या, हे साथ करायचे. काकूंना दमा होता. लांब ओळ एका श्वासात निभायची नाही.

"मग काय करायचात?" मी एकदा विचारलं.

"झाकायचो," काका म्हणाले. "तिचा दम तुटायच्या आधी डाव्या हाताचा सूर पेडलवर धरून ठेवायचा. उजव्या हाताचे सूर एकदम नाही टाकायचे, एकेक करून सांडायचे. जोर बोटात नाही, मनगटात. ऐकणाऱ्याला वाटतं पियानोवाला भावनेत वाहवला. तेवढ्यात ती श्वास घेऊन मोकळी."

"म्हणजे ठपका तुमच्यावर!"

"तीस वर्षं लोक म्हणायचे, काकू छान गातात, उजगरेंना ताल नाही."

काकू जाऊन चार वर्षं झाली होती. साथ मात्र चालू होती. रोज दुपारी चार वाजता काका पियानोवर झाकलेला कोमट पाण्याचा पेला ठेवत आणि फक्त साथीचे सूर वाजवत. पानं पूर्वी काकू उलटायच्या; ते काम माझ्याकडे आलं. पाठ असलेल्या गाण्याची पानं कशाला उलटायची, हे मी विचारलं नाही. भाडेकरूनं सगळंच विचारू नये.

पण एक गोष्ट हळूहळू अंगावर येऊ लागली. काका थांबायचे त्या जागा रोज त्याच नसायच्या. काल दुसऱ्या ओळीला थांबले, आज पहिल्याच ओळीत दोनदा. मी कारण विचारलं तर म्हणाले, "आज धुकं आहे ना. तिला त्रास होतो." आणि त्या प्रत्येक थांबण्यात मला ऐकू यायचं: हुंऽऽ. कुणीतरी घाईघाईनं छातीत हवा ओढून घेतल्यासारखं. माझ्या मानेवरचा मफलर मला आपोआप घट्ट झाल्यासारखा वाटे.

शेवटी मी न राहवून बोललोच. काकांनी पियानोची पुढची फळी काढून आत दाखवलं. "तारांवर या नमद्याच्या, दाबलेल्या लोकरीच्या, गाद्या. पेडल दाबलं की सगळ्या एकदम उठतात. त्याचा आवाज. कंपनं मोजलीत मी, पोतनीस. भुतं नाही."

मी इतका हलका झालो की जवळच्या कपूरथला बाजारातून येताना पाव किलो तिळाची गजक घेऊन आलो.

तेवढ्यात माझ्या लेकीचं, अवनीचं, निघालं. शाळेत ती पाश्चात्त्य गाणं शिकायची. परीक्षक वर्षातून एकदा दिल्लीहून येणार, आणि तिच्या शाळेतल्या पियानोवाल्या बाई ऐनवेळी बदली होऊन गेल्या. साथीला कुणी नाही तर परीक्षा नाही. मी काकांना गळ घातली.

"हात एकाच माणसाचा श्वास लक्षात ठेवतो, पोतनीस," ते म्हणाले. "हिचा बसवला तर तिचा जाईल. मग चार वाजता मी कुणासाठी बसू?"

मी वर निघून आलो. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच वरच्या जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "पाठवा पोरीला!"

अवनी आली आणि आल्या आल्या तो पेला उचलून घटाघटा प्यायली. मी आधी खिडकीकडे पाहिलं.

"अंकल, किसका था?"

काका पेल्याकडे बघत राहिले. "आता तुझाच."

तालमी वाईट चालल्या. अवनीची छाती म्हणजे लोहाराचा भाता. दोन-दोन ओळी एका दमात. काका आपले मध्येच सूर सांडत थांबायचे.

"अंकल, आप रुक क्यों जाते हैं? मुझे यहाँ साँस नहीं लेनी!"

"तुला नाही," काका पुटपुटायचे.

अवनी माझ्याकडे बघायची. मी पानाकडे.

परीक्षेच्या दिवशी धुकं इतकं की रिक्षावाल्याला स्वतःची घंटी दिसत नव्हती. अवनीला सर्दी झालेली, नाक गच्च. मी पानं उलटायला काकांच्या शेजारी. सगळ्यात लांब ओळीच्या मध्यावर तिचा आवाज पातळ झाला. मला तिच्या गळ्याची शीर दिसली. आता तुटणार! तेवढ्यात काकांचा डावा सूर फुलून राहिला आणि त्यावरून उजव्या हाताचे सूर एकेक करून ओघळले, दाराशी आलेल्या माणसाला कुणीतरी हात धरून आत घ्यावं तसे. अवनीनं श्वास घेतला. परीक्षकांनी समाधानानं मान हलवली. आयुष्यभर एका बाईसाठी जपलेली जागा काकांनी माझ्या मुलीला दिली होती, आणि हे खोलीत फक्त काकांना आणि मला माहीत होतं.

अवनी चांगल्या गुणांनी पास झाली. खाली मात्र चार दिवस पियानो वाजला नाही. चार वाजले की आम्ही वर सगळे गप्प व्हायचो. अवनीनं दोनदा विचारलं, "अंकल नाराज हैं क्या?" मला झोप लागेना. पाचव्या दिवशी हाक आली, "पोतनीस, पानं!"

पेला भरून झाकलेला होता. काकांनी सुरुवात केली. पहिल्या ओळीला सूर सांडून थांबले. काही नाही. दुसरीला थांबले. खिडकीबाहेर धुकं, आत घड्याळाची टकटक. तिसऱ्या ओळीला ते इतका वेळ थांबले की सूर विरून गेला आणि नुसते हात उरले.

हुंऽऽ.

स्पष्ट. खिडकीपाशी. मी सवयीनं खाली पेडलकडे पाहिलं. काकांचे दोन्ही पाय, करड्या लोकरी मोज्यांतले, स्टुलाखाली एकमेकांवर दुमडलेले होते.

"काका," मी म्हणालो, "पेडलवर तुमचा पाय नाहीये. मग आत्ता श्वास कुणी घेतला?"

काकांनी पुढचा सूर अगदी हलकेच लावला.

"तुमचं काम पान उलटायचं, पोतनीस, अंगठा कोरडा ठेवा."